आधी माती विचारा, मग रस्ता

नागपूरच्या एका सायकलस्वाराचा प्रश्न थोडक्यात असा: ‘नवीन ग्रॅव्हल सायकल (कच्च्या वाटांसाठीची, रुंद टायरची) घेतली आहे, ४० मिलिमीटरचे टायर आहेत. दिवाळीत तीन दिवस मोकळे आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याहून जंगलातल्या कच्च्या वाटांनी चिखलदरा, सेमाडोह, हरिसाल करत धारणी आणि पुढे तापीपर्यंत जायचं आहे. ॲपवर रोज ७०-८० किलोमीटरचा मार्ग आखला आहे. टायर चालतील का, हवा किती ठेवू, वाघाचं काय, आणि एकट्याने जावं का?’

तुमचा आखलेला मार्ग उघडून पाहिला. स्पष्टच सांगतो, त्यातला निम्मा खोडावा लागेल. जंगलातला भाग कायद्यामुळे आणि पायथ्याचा भाग मातीमुळे.

जंगलाचं आधी उरकतो, कारण त्यात चर्चेला जागा नाही. सेमाडोहच्या आसपास तुमच्या ॲपने ज्या बारीक तुटक रेघांवरून तुम्हाला नेलंय, त्यातल्या बऱ्याच रेघा रस्ते नाहीतच, त्या जाळरेषा आहेत. वणवा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जाऊ नये म्हणून वनखातं दरवर्षी गवत काढून पट्टे मोकळे करतं. उपग्रहाच्या चित्रात ते सरळसोट मातीचे रस्ते दिसतात आणि कोणीतरी घरबसल्या ते नकाशात चढवतो. हे जंगल म्हणजे मेळघाट, १९७३-७४ साली निवडलेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही. मात्र त्याच कलमात सार्वजनिक रस्त्यावरून पार होणाऱ्याला सूट आहे. तुमच्या कामाचं वाक्य एवढंच: परतवाडा, घटांग, सेमाडोह, हरिसाल, धारणी हा एसटी आणि ट्रकचा डांबरी रस्ता तुमचा, त्याच्या डाव्या-उजव्या बाजूची वाट तुमची नाही. ‘पाच मिनिटं आत जाऊन फोटो काढतो’ हेही नाही.

नकाशाची आणखी एक खोड. कोहा, कुंड, बोरी ही गावं जंगलातून केव्हाच उठली, पुनर्वसन होऊन सपाटीवर आली. जुन्या नकाशांवर ती अजून नांदती आहेत. तिथे हातपंप असेल, चहा मिळेल या हिशोबाने एकदा कोणी निघालं तर काय होईल, ते तुम्हीच बघा.

आता मातीकडे येतो. खरा विषय हाच आहे आणि ॲपला यातलं काही कळत नाही. ॲप तुम्हाला अंतर सांगतं, चढ सांगतं. विदर्भात या दोन आकड्यांवरून दिवस ठरवणारा माणूस संध्याकाळी सायकल खांद्यावर घेऊन चालताना सापडतो. मी सापडलो होतो.

तेव्हा कोजागिरी नुकतीच होऊन गेली होती. पाऊस थांबून तीन दिवस झाले होते, वर निळंभोर आभाळ. दर्यापूरच्या बाजूला डांबरी रस्ता सोडून चार किलोमीटरची पांदण, म्हणजे शेतांमधली गाडीवाट, धरली. वरून माती सुकलेली, फिकी दिसत होती. दोनशे मीटर छान गेलो. मग तो पापुद्रा फुटला आणि खालची ओली काळी टायरला लागली. काळ्या मातीचं असं आहे की ती टायरवरून निथळत नाही, टायरवर वाढते. प्रत्येक फेऱ्याला एक थर. त्यात गवताच्या काड्या मिसळल्या की पिंपळाच्या पारावरच्या विटांसारखं पक्कं काम होतं. चाक आणि फोर्क (चाक धरणारे दोन दांडे) यांच्यात बोटभर जागा होती, ती भरली आणि चाक फिरायचं थांबलं. काडीने खरवडायचं, वीस पावलं ढकलायचं, परत खरवडायचं. शेवटी उचलली, तर अकरा किलोची सायकल वीसच्या पुढे गेलेली. चार किलोमीटरला तीन तास लागले. धुऱ्यावर बसलेले एक आजोबा सगळी गंमत बघत होते. जवळ आल्यावर म्हणाले, “काहून रे बावा, हिच्यात बैल फसते, तुही सायकल कोन्या झाडाचा पाला?”

त्या दिवसापासून मी रस्ता विचारत नाही, माती विचारतो. आणि शेतकऱ्याला माती विचारली की तो खुलतो, हाही एक फायदा.

जुनी नावं लक्षात ठेवा, कारण गावात तीच चालतात: काळी, मोरांड, खरडी, बरडी. नदीजवळ खोल काळी. तिथून वर सरकलं की मोरांड, म्हणजे काळीच पण उथळ आणि चुनखडीचे खडे मिसळलेली. आणखी वर खरडी, आणि टेकडीच्या अंगाला बरडी, म्हणजे निव्वळ दगडगोटे आणि मुरूम. ग्रॅव्हल सायकलचं सुख बरडीवर आणि खरडीवर. मोरांड विचारून घ्यायची. काळी पुरती सुकल्याशिवाय तिच्यावर जायचंच नाही. वर्धा-वैनगंगेच्या पलीकडे भंडाऱ्याकडे गेलात तर नावं थोडी बदलतात, तिथे कन्हार आणि सिहार ऐकू येतं. सिहार वाळूमिश्रित, पाणी लवकर सोडणारी. पूर्व विदर्भात त्यामुळेच पावसानंतर लवकर सायकल निघते.

हे असं का, तर आपल्या पश्चिम विदर्भाखाली बेसाल्ट आहे. तो झिजून जी चिकणमाती झाली ती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. म्हणून पावसात तिचा चिखल होतो आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की पुढचं चाक आत जाऊन बसावं. तोच बेसाल्ट अर्धवट झिजलेला असतो तेव्हा त्याला मुरूम म्हणतात, आणि मुरमातून पाणी खाली निघून जातं. एकच दगड, झिजण्याच्या दोन अवस्था. एकीत सायकल पळते, दुसरीत रुतते.

माझा ठोकताळा असा: चांगला पाऊस झाल्यावर मुरमाची वाट अर्ध्या दिवसात चालू. मोरांडला दोन दिवस कडक ऊन हवं. काळीला ऑक्टोबरात पाच दिवस, आणि झाडांची सावली असेल तर आठ. पाऊस कधी पडला हे हवामानाच्या ॲपवर शोधू नका. डांबरी रस्त्याला जिथे पांदण येऊन मिळते त्या तोंडाशी थांबा. ट्रॅक्टरच्या टायरमधून पडलेल्या चिखलाच्या लाद्या डांबरावर असतील आणि बोटाने दाबल्यावर दबत असतील, तर पुढे जाऊ नका. लाद्यांचा भुगा झाला असेल तर जा. ही खूण मला आजवर एकदाही फसवून गेलेली नाही.

काळी सुकली तरी तिचा एक त्रास उरतो. पावसाळ्यात बैलगाड्या आणि ट्रॅक्टर गेलेले असतात, त्यांच्या चाकोऱ्या दिवाळीपर्यंत सिमेंटसारख्या कडक होतात. एकदा त्यात चाक गेलं की हॅन्डल वळत नाही. पडताना कोपर आधी टेकतो. चाकोरीत शिरायचंच असेल तर शेवटपर्यंत तिच्यातच राहा. बाहेर यायचं असेल तर आधी थांबा, उतरा, मग या.

अलीकडे २०२१ पासूनच्या मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून पांदणींची खडीकरणाची कामं निघाली आहेत. (सरकारी कागदात ‘पाणंद’, आमच्याकडे पांदण.) त्यात एक गंमत आहे. काम नवीन असतं तेव्हा सुटी गिट्टी उघडी असते आणि सायकल नुसती नाचते. रिम आपटते, मनगटं भरून येतात. त्याच पांदणीवर एक पावसाळा जाऊ द्या, वर मुरूम बसू द्या, ट्रॅक्टर फिरू द्या. दुसऱ्या दिवाळीला तिच्यासारखी वाट नाही. त्यामुळे ‘नवीन रस्ता झालाय’ असं कोणी कौतुकाने सांगितलं तर ‘औंदा का मागच्या साली?’ एवढं विचारा.

तर आता तुमचे तीन दिवस. मी असे लावीन.

पहिल्या दिवशी परतवाड्यात मुक्काम ठेवून, सामान खोलीवर टाकून, पायथ्याने फिरा. गाविलगडची डोंगररांग दक्षिणेच्या अंगाने भिंतीसारखी उभी आहे, वऱ्हाडच्या सपाटीतून एकदम उठते. त्या भिंतीच्या तळाशी बरडीचा पट्टा आहे. वरून पाण्याबरोबर आलेले गोटे आणि मुरूम तिथे पसरलेला आहे. वझ्झरकडे सापन धरणाच्या बाजूला, धामणगाव गढीच्या आसपास, पथ्रोटच्या उत्तरेला. डाव्या हाताला संत्र्याच्या बागा, उजव्या हाताला सागाचं जंगल अशी ती वाट. जुने लोक वऱ्हाडच्या या सपाटीला पायनघाट म्हणत. तुम्हाला पायनघाट आणि मेळघाट यांच्या शिवेवरून चालवायची आहे, एकातही फार आत न शिरता. चाळीस-पन्नास किलोमीटर पुरे. मध्ये पाच-सहा नाले आडवे येतील. त्यांच्यावरचे रपटे (पुरात पाण्याखाली जाणारे ठेंगणे पूल) दिवाळीला बहुतेक कोरडे किंवा घोट्याइतक्या पाण्याचे असतात. पण पाणी पातळ असतं तिथेच शेवाळ असतं. रपट्यावर ब्रेक नाही, पायडल नाही, हॅन्डल सरळ. पाणी गढूळ आणि वाहतं असेल तर थांबायचं, खाली ऊन असलं तरी. वर चिखलदऱ्याला पाऊस झाला की तो इथे तासाभराने येतो.

दुसऱ्या दिवशी चिखलदरा. परतवाडा साधारण ३७०-४०० मीटरवर, चिखलदरा ११०० च्या जवळपास. म्हणजे सातशे मीटर चढ, तीसेक किलोमीटरमध्ये, सगळा डांबरी. इथे कच्च्याचा हट्ट सोडा. धामणगाव गढीवरून मोथा गावाकडून चढा. मोथ्याला गवळ्यांची वस्ती आहे, तिथला खवा आणि रबडी खाल्ल्याशिवाय पुढे गेलात तर तुमची मर्जी. गिअरचं विचाराल तर पुढचे दात आणि मागचे सर्वांत मोठे दात जवळजवळ सारखे असले, समजा ४०ला ४२ किंवा ३४ला ३४, तर सामानासकट बसून चढता येतं. दुपारपर्यंत वर पोचाल. संध्याकाळ गाविलगडाला द्या. किल्ल्यावरून दक्षिणेला पाहिलं की कालची बरडीची पट्टी फिक्या रंगाची दिसते आणि तिच्या पलीकडे काळी. माती म्हणजे काय ते तिथून एका नजरेत समजतं.

तुम्ही लिहिलंय ‘तापीपर्यंत’. गंमत म्हणून सांगतो, या रांगेच्या उत्तरेचं पाणी सिपना, गाडगा, खापरा या नद्यांतून तापीला जातं हे खरं. पण दक्षिणेचं पाणी सापन, चंद्रभागा, शहानूर यांतून पूर्णेला जातं आणि पूर्णा चांगदेवला तापीलाच मिळते. चिखलदऱ्याच्या कड्यावर उभं राहून बाटलीतलं पाणी कुठेही सांडा, जायचं ते तापीतच.

तिसऱ्या दिवशी चिखलदरा, घटांग, सेमाडोह, हरिसाल, धारणी. अंतर ऐंशीच्या आसपास, उतार जास्त. पण उत्तरेची बाजू दक्षिणेसारखी एकदम कोसळत नाही, एकामागून एक बुटक्या रांगा करत तापीकडे जाते. म्हणून उतारातही मध्येमध्ये चढ लपलेले आहेत. ते ॲपच्या आलेखात चिमुकले दिसतात, पायांना तसे वाटत नाहीत. सूर्य नीट वर आल्यावर निघा आणि चारच्या आत जंगल संपवा. सेमाडोह आणि कोलकासजवळ रस्ता सिपनेच्या सोबतीने जातो. दरीत रात्रीची थंड हवा उतरून साचलेली असते, त्यामुळे चिखलदऱ्याहून खाली आलात तरी इथे सकाळी जास्त गारठा लागतो. हातमोजे वरच्या पिशवीत ठेवा, तळाशी नको.

तापी धारणीच्या पुढे आहे. गाडगा आणि तापीच्या संगमावरचा आमनेरचा किल्ला पाहण्यासारखा आहे, पण तिकडच्या खोऱ्यात पुन्हा काळी माती. त्याला वेगळा चौथा दिवस हवा, शक्यतो जानेवारीतला. यावेळी धारणीहून एसटीने परत या. चालक-वाहकाशी आधी बोला. टपावर जाळी असलेली गाडी असेल तर सायकल स्वतः चढवा, डिरेलरची (मागचे गिअर बदलणाऱ्या भागाची) बाजू वर ठेवा.

टायरचं. ४० चालतील, ४५ असते तर बरं झालं असतं. रुंदीपेक्षा फोर्कमध्ये जागा किती उरते ते महत्त्वाचं. दोन्ही बाजूंना बोट सहज गेलं पाहिजे. ट्यूबलेस करून घ्या, यावर मी वाद घालणार नाही. आपल्याकडे काट्यांची चारी खंडातली भरती आहे: बाभळीचा लांब पांढरा, बोरीचा वाकडा, आणि सगळ्यांत वाईट सराटा. तो पावसाळ्यानंतर धुऱ्या-धुऱ्याला वाळून पडलेला असतो आणि कसाही पडला तरी त्याचं एक टोक वर असतंच. दिवाळीला त्यात सोयाबीनच्या धसकटांची भर. सोयाबीन नुकतंच कापलेलं असतं, तिरपी कापलेली ती खुंटं बुटाचा तळ फोडतात. वावरातून शॉर्टकट घेऊ नका, पिकाचं नुकसान ही पहिली गोष्ट आणि टायरचं ही दुसरी. डांबरी रस्त्यावरही लोक सोयाबीन, मका वाळत घालतात. त्यावरून वळण घेणं म्हणजे छऱ्यांवर वळणं.

सीलंट, म्हणजे टायरचं भोक आतून बुजवणारं द्रव, प्रत्येक चाकात ६० ते ८० मिलिलिटर. दुकानदार ‘सहा महिने बघायला नको’ म्हणाला असेल तर ते पुण्याच्या हवेचं बोलणं. आमच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यातून गेलेला सीलंट मी दोन महिन्यांत रबराचा पापड झालेला पाहिला आहे. निघण्याआधी व्हॉल्व्ह काढून काडी घालून बघा, ओली निघाली पाहिजे. काटा लागला तर उपटा आणि भोक खालच्या बाजूला येईल असं चाक फिरवून दोन मिनिटं थांबा. तरीही एक ट्यूब, दोन प्लग आणि पंप जवळ हवाच. हवा: तुमचं वजन सत्तरच्या आसपास धरतो. ४० च्या टायरला पुढे ३२, मागे ३६ पीएसआयने सुरू करा. बरडीवर हात झिणझिणले तर दोन-दोनने कमी करा, रिम दगडाला लागल्याचा आवाज आला तर तिथेच थांबा आणि परत भरा.

पाणी. पायथ्याला आणि डोंगरात गोडं पाणी मिळतं. पण कधी दक्षिणेला दर्यापूरच्या अंगाला उतरलात तर तो पूर्णेचा खारपाणपट्टा आहे. विहिरीचं, बोअरचं पाणी खारट, आणि तहान भागण्याऐवजी वाढते. तिकडचे लोक स्वतः नळाचं पाणी भरून ठेवतात. विहीर दिसली म्हणून बाटली रिकामी करू नका.

वाघाची काळजी तुम्ही जितकी करता तितकी मी करत नाही. इतक्या वर्षांत सायकलवरून मला एकदा दिसला, तोही पाठमोरा. मी घाबरतो अस्वलाला. त्याची नजर अधू, आणि सायकलचा आवाज नाही. वळणावर तुम्ही त्याच्यापासून दहा हातांवर येईपर्यंत त्याला पत्ता नसतो, आणि दचकलेलं अस्वल पळत नाही, अंगावर येतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात तेव्हा पहाटे माणूस आणि अस्वल एकाच झाडाखाली येतात, त्या दिवसांत पायथ्याच्या वाटेने उजाडल्याशिवाय निघूच नका. बाकी वर्षभरासाठी माझा उपाय पाच-पन्नास रुपयांचा आहे. परतवाड्याच्या बाजारात बैलाच्या गळ्यातले घुंगरू मिळतात, त्यातले चार हॅन्डलला बांधा. शहरात लोक हसतील. कानात इअरफोन मात्र अजिबात नको.

जनावरांपेक्षाही मी एका गोष्टीला जास्त जपतो, ती म्हणजे तार. रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून वावराभोवती तारा असतात. बहुतेक ठिकाणी सौर झटका मशीन असतं, त्याने फक्त दणका बसतो. पण कुठे कुठे रात्री थेट लाइनचा करंट सोडलेला असतो. ते बेकायदेशीर आहे, त्यात माणसं गेलेली आहेत. कोणती तार कोणती हे बघून कळत नाही. म्हणून तारेला सायकल टेकवायची नाही, तारेवरून ओलांडायचं नाही, आणि अंधार पडल्यावर पांदणीत असायचंच नाही.

एकट्याने जायचं का? पायथ्याच्या दिवशी हरकत नाही, दर दोन-तीन किलोमीटरला कापूस वेचणाऱ्या बायका भेटतात आणि सगळ्या विचारतात, “कोठचे हव भाऊ?” तिसऱ्या दिवशी सोबत घ्या. सेमाडोहच्या अलीकडे-पलीकडे मोबाईलला रेंज तुटक असते, आणि साधी चेन तुटली तरी दुसरा माणूस एसटीला हात दाखवून पुढच्या गावाला जाऊ शकतो. कोणी सोबत नसेल तर तो दिवस रद्द करा आणि चिखलदऱ्याहून घाटाने परत उतरून पायथ्याचा दुसरा अर्धा भाग, पथ्रोटकडून अंजनगावकडे, पाहून घ्या. तिथे पानमळे आहेत. मळ्याच्या सावलीत दुपारी बसायला कोणी नाही म्हणत नाही, फक्त बूट बाहेर काढायचे.